डायनस्टी लीगचा पहिला ड्राफ्ट: नव्या भिडूंसाठी

आपल्याकडे फॅन्टसी म्हटलं की क्रिकेटच आठवतं. संध्याकाळी अकरा जण निवडायचे, कर्णधार ठरवायचा, रात्री मॅच संपली की हिशोब मिटला. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या, डायनस्टी लीगमध्ये हिशोब मिटतच नाही. ड्राफ्टमध्ये, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडताना, घेतलेला खेळाडू तुम्ही ट्रेड (अदलाबदल) करेपर्यंत किंवा सोडून देईपर्यंत तुमचाच: पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, थेट निवृत्त होईपर्यंत. सगळ्या खेळाडूंची वाटणी एकदाच होते, लीग सुरू होताना. तिला स्टार्टअप ड्राफ्ट म्हणतात. नंतर दरवर्षी होतो तो फक्त नव्या पोरांचा, म्हणजे रुकींचा, छोटा ड्राफ्ट.

म्हणून स्टार्टअपला केलेली चूक दोन-तीन वर्षं पुरते. माझी पुरली होती. पहिल्या लीगमध्ये मी वयाची बाविशी ओलांडलेला खेळाडू घ्यायचाच नाही असं ठरवून बसलो होतो. दोन हंगाम तळाशी लोळलो. तिसऱ्या वर्षी पोरं हाताशी आली, तेव्हा निम्म्या मालकांना, म्हणजे लीगमधल्या भिडूंना, कंटाळा आला होता आणि लीगच मोडली. पुढचं सगळं त्या अनुभवानंतर शिकलेलं आहे.

१. नावं नंतर, नियम आधी

लीगच्या सेटिंगचं पान ड्राफ्टच्या आधी दोनदा वाचा. किती मालक आहेत, प्रत्येकाकडे किती खेळाडू राहणार, त्यातले पुढच्या वर्षी सगळे ठेवता येतात की ठरावीकच, जखमी खेळाडूंसाठी वेगळ्या जागा किती, पुढच्या वर्षांचे पिक (निवडीचे हक्क) ट्रेड करता येतात का. आणि मुख्य म्हणजे गुण कसे मोजतात.

पद्धती दोन. पॉइंट्स लीगमध्ये प्रत्येक गोष्टीला ठरावीक गुण असतात आणि सगळ्यांची बेरीज होते. कॅटेगरी लीगमध्ये बहुतेकदा नऊ रकाने असतात: पॉइंट, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), असिस्ट (बास्केट करून देणारा पास), स्टील (बॉल हिसकावणं), ब्लॉक (शॉट अडवणं), थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेला तीन गुणांचा शॉट), फील्ड गोलची (चालू खेळातल्या शॉटची) टक्केवारी, फ्री थ्रोची (फाउलनंतरच्या मोकळ्या शॉटची) टक्केवारी आणि टर्नओव्हर (बॉल गमावणं; जितके कमी तितके बरे). दर आठवड्याला एका मालकाशी सामना. नऊपैकी पाच रकाने जिंकले की वरचढ तुम्ही.

एकच खेळाडू या दोन पद्धतींत किती वेगळा दिसतो ते यानिस आन्तेतोकूम्पोवर बघा. २०२४-२५ मध्ये त्याची सरासरी ३० च्या वर पॉइंट आणि जवळजवळ १२ रिबाउंड. पॉइंट्स लीगमध्ये त्याला सोडायचा प्रश्नच नाही. पण तो एका सामन्यात दहाच्या वर फ्री थ्रो टाकतो आणि त्यातले सुमारे ६२ टक्केच आत जातात. समजा तुमच्या बाकीच्या संघाने आठवडाभरात ५० पैकी ४० फ्री थ्रो टाकले, म्हणजे ८० टक्के. त्यात यानिसचे ३२ पैकी २० मिळवा. झाले ८२ पैकी ६०, म्हणजे ७३ टक्के. एकट्या माणसाने अख्खा रकाना बुडवला. टक्केवारीच्या रकान्यात खेळाडूचा आकडा जेवढा महत्त्वाचा, तेवढंच तो किती वेळा टाकतो हेही. महिन्यात चार फ्री थ्रो टाकणारा ५० टक्केवाला तुमचं काहीच बिघडवत नाही.

पैशांचं एकदाच सांगून ठेवतो. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. फॅन्ट्रॅक्स, याहू, ईएसपीएन, स्लीपर यांच्यावर फुकटात लीग काढता येते, तीच काढा. डायनस्टीसाठी मला फॅन्ट्रॅक्स बरं वाटतं. दिसायला ते रेल्वेच्या वेळापत्रकासारखं आहे, पण पुढच्या वर्षांचे पिक, पगाराची मर्यादा, रुकींच्या राखीव जागा हे सगळं त्यात मांडता येतं.

२. घड्याळ

बारा मालक, प्रत्येकी १५ खेळाडू: १८० पिक. प्रत्येकाने ९० सेकंद घेतले तर साडेचार तास. लीगमधली निम्मी मंडळी न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात असतील तर ड्राफ्ट त्यांच्या संध्याकाळी ठरतो. न्यू यॉर्कचे रात्रीचे आठ म्हणजे ऑक्टोबरात आपले पहाटेचे साडेपाच. संपेपर्यंत दहा. त्या दिवशी सुट्टी टाका, नाहीतर अकराव्या राउंडला तुम्ही लोकलमध्ये रेंज शोधत असाल आणि ऑटो-पिक तुमच्या गळ्यात भलताच सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) मारेल.

त्यापेक्षा स्लो ड्राफ्ट मागा. प्रत्येक पिकला चार किंवा आठ तास, रात्री घड्याळ थांबतं. फक्त ती रात्र कुणाची ते कमिशनरला, म्हणजे लीग चालवणाऱ्याला, विचारून घ्या. अमेरिकेची रात्र म्हणजे आपला कामाचा दिवस, आणि मग तुमचा पिक नेमका आपल्या रात्री दोन वाजता येतो.

३. किती वर्षांचा विचार करायचा?

लेखातला महत्त्वाचा भाग हाच.

नवखा मालक ड्राफ्टच्या आदल्या आठवड्यात एक गणित मांडतो: विशीतल्या पोराला अजून १५ वर्षं खेळायचंय, तिशीतल्या माणसाला पाच, म्हणजे पोरगा तिप्पट मोलाचा. कागदावर हे पटतं. पण त्या १५ वर्षांतली पहिली दोन-तीन बहुतेकांची शिकण्यात जातात. शिवाय तो कोण होणार हे आज कुणालाच माहीत नसतं. आणि लीग १५ वर्षं टिकेल असं ज्याला वाटतं त्याने आपल्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची आजची अवस्था बघावी.

मी तीन हंगामांपलीकडे बघत नाही. या वर्षाला ५०, पुढच्याला ३०, तिसऱ्याला २० असं वजन देतो. वय घसरणीचं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे गुण कापतो, चढतीचं असेल तर वाढवतो. असं मोजलं की यादीच्या वर आपोआप २३ ते २८ या वयातली माणसं येतात. शे गिल्जस-अलेक्झांडर जुलै १९९८ चा. २०२४-२५ मध्ये सव्वीस वर्षांचा असताना त्याने ३२.७ पॉइंटची सरासरी काढली, एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला आणि त्याचा संघ ओक्लाहोमा सिटी विजेता ठरला. असा माणूस आजही गुण देतो आणि तीन वर्षांनीही देईल.

तरुणांचा एक फायदा खरा आहे: बाजारात त्यांची किंमत टिकते. चांगल्या पिकचा पोरगा पहिल्या वर्षी फसला तरी कुणीतरी त्याला घ्यायला तयार असतं. दुसऱ्या वर्षीही फसला की ते गिऱ्हाईक गायब होतं. त्यामुळे रुकी घेऊन बसायचं असेल तर विकायची तारीखही आधीच ठरवा.

सहा राउंड झाल्यावर आपल्या संघाकडे एकदा नीट बघा. यंदाच जिंकायला निघालाय का? मग पुढे वयाकडे बघूच नका. दोन वर्षांनी जिंकायचंय का? मग तसं घ्या. दोन म्हातारे, चार रुकी, तीन जखमी अशी खिचडी झाली की एक ना धड भाराभर चिंध्या: ना यंदा जिंकाल, ना पुढच्या रुकी ड्राफ्टमध्ये तळाच्या संघाला मिळणारा वरचा पिक मिळेल.

४. यादी नको, गट पाडा

एक ते दोनशे असा क्रम लावू नका. साधारण सारख्याच मोलाच्या खेळाडूंचे गट करा आणि दोन गटांमध्ये जाड रेघ मारा. फायदा असा की तुमचा पिक आला आणि गटात पाच जण उरलेत, तर घाई नाही. कुणी दोन पिक देऊन वर यायला तयार असेल तर खुशाल मागे सरका. एकच उरला असेल तर तोच घ्या, त्याची जागा तुमच्याकडे भरलेली असली तरी.

बहुतेक ड्राफ्ट स्नेक पद्धतीने होतात, म्हणजे क्रम दर राउंडला उलटतो. बारा जणांत पहिला असाल तर तुमचे पिक १, २४, २५, ४८, ४९. सहावे असाल तर ६, १९, ३०, ४३. टोकाला बसणाऱ्याला मध्ये बावीस पिकची वाट बघावी लागते, म्हणून तिथे हवा तो माणूस थोडा लवकर उचलावा लागतो. काही लीगमध्ये तिसऱ्या राउंडचा क्रम दुसऱ्यासारखाच ठेवतात, म्हणजे बारावाच पुन्हा आधी. पहिल्या पिकला मिळणारा जास्तीचा फायदा त्याने थोडा कमी होतो. नियमांच्या पानावर हे दिसलं नाही म्हणून माझे सगळे गट एकदा वाया गेले होते.

५. पहिले चार राउंड

पहिल्या पिकचा वाद ठरलेला: व्हिक्टर वेंबान्यामा की निकोला योकिच. वेंबान्यामा जानेवारी २००४ चा. २०२३-२४ मध्ये रुकी असतानाच ३.६ ब्लॉकची सरासरी काढून त्याने लीगमध्ये पहिला नंबर घेतला. ब्लॉक हा दुर्मीळ रकाना. एकटा माणूस तो जिंकून देत असेल तर बाकीच्या जागांवर तुम्ही मोकळे. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या खांद्यात रक्ताची गाठ सापडली आणि हंगाम ४६ सामन्यांवर थांबला. योकिच १९९५ चा; २०२४-२५ ची सरासरी २९.६ पॉइंट, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट. सेंटरकडून दहा असिस्ट!

माझ्या ५०-३०-२० ने मोजलं तर योकिच थोडा पुढे येतो. तरीही पहिल्या पिकला मी वेंबान्यामाच घेईन, कारण हवं तेव्हा त्याच्या बदल्यात योकिच आणि वर काहीतरी मागता येतं. उलटा व्यवहार कुणी करत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पिकपर्यंत योकिच उरला तर मात्र जन्मतारीख न बघता उचला.

या राउंडमध्ये संघाचा तोल वगैरे विसरा, मोठं नाणं घ्या. फक्त एक भान ठेवा: असिस्ट आणि ब्लॉक पुढे स्वस्तात मिळत नाहीत, पॉइंट आणि थ्री दहाव्या राउंडलाही मिळतात. गार्डकडून (बॉल खेळवणाऱ्याकडून) असिस्ट, स्टील, फ्री थ्रो. सेंटरकडून रिबाउंड, ब्लॉक, फील्ड गोल. चार राउंडमध्ये दोन्हीकडचं निदान एकेक नाणं हाताशी असावं.

पंट हा शब्द तुमच्या कानावर येईलच. एखादा रकाना मुद्दाम सोडून द्यायचा आणि बाकीचे मजबूत करायचे. यानिस घेतला की फ्री थ्रो सोडून देणं शहाणपणाचं. मग फ्री थ्रोमुळे मागे पडलेले बाकीचे सेंटर तुमच्यासाठी स्वस्त होतात. पण पहिल्याच दिवशी तीन रकाने सोडून बसू नका. ट्रेड होतात, खेळाडू सुधारतात, आणि दोन वर्षांनी सोडलेलाच रकाना हाताशी यायला लागतो.

आणि संघ बघून खेळाडू घेऊ नका. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रमेंटो किंग्ज खेळले, एनबीएचे भारतातले पहिले सामने. आपल्यातल्या अनेकांना हे वेड तिथूनच लागलं. त्या वेळी पेसर्सकडे असलेला दोमांतास साबोनिस फेब्रुवारी २०२२ मध्ये किंग्जकडे गेला. बदल्यात टायरीस हॅलिबर्टन आणि बडी हील्ड पेसर्सकडे आले. किंग्जचा डीआरन फॉक्स २०२५ मध्ये सॅन अँटोनियोत पोचला. लुका डॉन्चिचला डॅलस विकेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो लेकर्सचा झाला. जर्सीच्या भरवशावर केलेली निवड वर्षभरही टिकेल याची खात्री नाही.

६. खोडवा

ऊसवाल्या घरातल्यांना हे पटकन कळेल. लागणीचा ऊस तुटला की त्याच खोडातून पुन्हा फुटतो तो खोडवा. बेण्याचा खर्च नाही, टनेज थोडं कमी, पण पैसे होतात. डायनस्टी ड्राफ्टच्या मधल्या राउंडमध्ये तिशी ओलांडलेले खेळाडू असेच पडून असतात, कारण सगळे पोरांच्या मागे धावत असतात.

लेब्रॉन जेम्सने डिसेंबर २०२४ मध्ये चाळिशी गाठली. त्या हंगामात ७० सामने खेळला: २४.४ पॉइंट, ७.८ रिबाउंड, ८.२ असिस्ट. एका वर्षाच्या लीगमध्ये हे आकडे फार वरच्या राउंडचे. डायनस्टीत कुणी हात लावत नाही. यंदा जिंकायला निघाला असाल तर असे दोन-तीन जण घ्या. अट एकच: ट्रेडची मुदत संपायच्या आधी तुम्ही शर्यतीत नसलात, तर जो शर्यतीत आहे त्याला विकून एखादा पिक घ्या. पुढच्या वर्षासाठी खोडवा राखायचा नाही.

जखमींचा माल वेगळा. २०२५ च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत डेमियन लिलार्ड, जेसन टेटम आणि हॅलिबर्टन या तिघांचीही पोटरीमागची अकिलीस शीर तुटली. हॅलिबर्टन तर फायनल्सच्या सातव्या सामन्यात पडला आणि पेसर्सने पुढचा अख्खा हंगाम तो खेळणार नाही असं जाहीर केलं. असा खेळाडू ड्राफ्टमध्ये घसरतो. घ्यायचा का? वय बघा आणि लीगमध्ये जखमींसाठी जागा आहे का ते बघा. केव्हिन ड्युरंटला हीच जखम जून २०१९ मध्ये झाली, त्याचा एक हंगाम पूर्ण गेला, आणि परत आला तो २६.९ च्या सरासरीने. पण तो ड्युरंट. ज्याचा सगळा खेळ पहिल्या दोन पावलांच्या वेगावर चालतो अशा गार्डवर मी तेवढा पैसा लावणार नाही. हॅलिबर्टनची नजर आणि पास वेगावर अवलंबून नाहीत, वयही पंचविशीचं. त्याला मी एखादा राउंड लवकरही घेईन.

७. रुकी

एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात तो खरा ड्राफ्ट जूनमध्ये होतो, दोन राउंडचा. तुमच्या लीगचा रुकी ड्राफ्ट त्यानंतर. शक्य असेल तर कमिशनरला सांगून तो जुलैतल्या समर लीगच्या (नव्या पोरांच्या सराव सामन्यांच्या) आधी ठेवा. समर लीगचे चार सामने बघून भाव चढतात नि उतरतात, आणि दोन्ही बहुतेक वेळा उगाच.

एनबीएच्या क्रमावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. २०१३ चा पहिला पिक अँथनी बेनेट. चार वर्षांत तो एनबीएतून बाहेर. त्याच ड्राफ्टमध्ये पंधरावा यानिस, आणि पहिल्या हंगामात त्याची सरासरी फक्त ६.८ पॉइंट. योकिच २०१४ मध्ये ४१ वा. गिल्जस-अलेक्झांडर २०१८ मध्ये अकरावा, पहिल्या वर्षी १०.८. पहिल्या हंगामाचे आकडे बघून त्यांना सोडून देणारे मालक असतीलच.

कॉलेजच्या आकड्यांत मी तीन गोष्टी बघतो. स्टील आणि ब्लॉक, कारण ज्याला बॉल कुठे जाणार ते कळतं त्याला वरच्या लीगमध्येही कळतं. आणि फ्री थ्रो. हंगामात शंभरेक थ्री टाकून ४० टक्के काढणारा पोरगा नशीबवान असू शकतो. फ्री थ्रो ६० टक्के असेल तर त्याच्या शॉटवर माझा विश्वास बसत नाही. रुकी गार्ड पहिल्या वर्षी टक्केवारी आणि टर्नओव्हर दोन्हीत रक्त काढतात हेही धरून चाला. २०२३ चा तिसरा पिक स्कूट हेंडरसन पहिल्या हंगामात फील्ड गोलच्या ३८.५ टक्क्यांवर थांबला होता.

जखमी रुकी हा माझा आवडता सौदा. चेट होल्मग्रेन २०२२ चा दुसरा पिक. पायाला दुखापत, पहिला हंगाम पूर्ण वाया. २०२३-२४ मध्ये ८२ पैकी ८२ सामने खेळला. जोएल एम्बीड २०१४ मध्ये निवडला गेला आणि पहिला सामना ऑक्टोबर २०१६ मध्ये खेळला; पुढे एमव्हीपी. दोन वर्षं जागा अडवायची तयारी असेल तर अशी माणसं अर्ध्या भावात मिळतात.

भावनेला मात्र आवर घाला. सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलसने ५२ वा घेतला, एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतातला पहिला खेळाडू. आनंद मलाही झाला होता. फॅन्टसी संघात त्याला घेणाऱ्याच्या खात्यात मात्र शून्य जमा झालं, कारण तो एनबीएचा एकही सामना खेळला नाही.

पुढच्या वर्षांचे पिक ट्रेड करता येत असतील तर ते चलन समजा, आणि कुणाचा पिक घेताय ते बघा. तळाच्या संघाचा पिक वर येतो. मुद्दाम हरून वर येणाऱ्यांना आळा घालायला एनबीए लॉटरी काढते: २०२५ मध्ये खालच्या १४ संघांत सोडत होती, आणि सर्वांत वाईट तिघांनाही पहिल्या पिकची शक्यता प्रत्येकी फक्त १४ टक्के होती. त्या वर्षी १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसला पहिला नंबर लागला आणि त्यांनी कूपर फ्लॅग घेतला. तुमच्या लीगमध्ये सोडत नसेल तर कमिशनरकडे आग्रह धरा.

८. शेवटचे राउंड

इथे सुरक्षित खेळू नका. दर सामन्यात आठ पॉइंट आणि चार रिबाउंड देणारा ३१ वर्षांचा फॉरवर्ड हंगामात कधीही फुकट मिळतो. त्याऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला असा पोरगा घ्या ज्याला वीस मिनिटं मिळतात, पण त्या वीस मिनिटांत जो दोन स्टील किंवा दोन ब्लॉक करतो. मिनिटं वाढली की तो एका आठवड्यात महाग होतो. नाव झालेल्या रुकीपेक्षा हे बरे, कारण त्यांच्याबद्दलचं कौतुक ओसरलेलं असतं.

ड्राफ्ट संपल्यावर दोन कामं. पहिलं, कुणीच न घेतलेल्यांची यादी त्याच दिवशी वाचा. १८१ वा खेळाडू पुष्कळदा तुमच्या पंधराव्यापेक्षा बरा निघतो. दुसरं, लाइनअप (त्या दिवशी कुणाचे गुण धरायचे त्यांची यादी) कधी बंद होतो ते तपासा. रोज बदलायचा लाइनअप असेल तर न्यू यॉर्कचा सात वाजताचा सामना आपल्याकडे ऑक्टोबरात पहाटे साडेचारला सुरू होतो, नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं बदलली की साडेपाचला. जखमींची अंतिम यादी येते तेव्हा तुम्ही गाढ झोपलेले असता. झोपायच्या आधी लाइनअप लावून ठेवा, आणि सलग दोन दिवस सामने असलेल्या म्हाताऱ्याला दुसऱ्या रात्री बेंचवर बसवा. त्याचा कोचही बहुधा तेच करतो.